चाळीस फुटांची पासोडी, सहा इंचांचा स्क्रीन

ऑफिसातून दमून रूमवर यायचं, लॅपटॉप उघडायचा आणि स्वतःचं वेबपेज सजवत बसायचं, हा छंद तुमच्यापैकी अनेकांना असेल. कोणी गावच्या जत्रेवर लिहितं, कोणी आईच्या रेसिपीज टाकतं, कोणी ट्रेकचे फोटो. मोठ्या स्क्रीनवर सगळं कसं झक्कास दिसतं! मग लिंक फॅमिली ग्रुपवर जाते. दोन अंगठे, एक गुलाबाचं फूल, काकांचं ‘लय भारी’. आणि चार दिवसांनी कळतं, की पूर्ण लेख कोणी वाचलेलाच नाही.

दर वेळी दोष लिखाणाचा नसतो बरं का. पुष्कळदा ते पान त्यांच्या फोनवर वाचता येण्याजोगंच नसतं.

लिहायचं कशावर आणि वाचणारा ते कसं बघणार, हा प्रश्न काही इंटरनेटनं आणलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत दासोपंत होऊन गेले. काळ १५५१ ते १६१५. गीतेवर प्रचंड टीका लिहिणारा हा माणूस ‘पंचीकरण’ समजावून सांगायला बसला, तेव्हा त्यानं पोथीची सुटी पानं बाजूला ठेवली आणि चक्क कापड घेतलं. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद! हीच ती प्रसिद्ध पासोडी. तिच्यावर मजकूर आहे, आकृत्याही आहेत. ती पसरायची आणि बघायची. विषयाला जागा हवी होती, म्हणून पान मोठं केलं.

आपली अडचण नेमकी उलटी आहे. पान आपण ठरवत नाही, ते वाचणाऱ्याच्या खिशात असतं. सहा-साडेसहा इंचांचं, उभं, आणि बऱ्याचदा तडा गेलेल्या काचेचं.

आता त्याच अंबाजोगाईच्या आजूबाजूला बघा. केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार. इथल्या कित्येक घरांत कॉम्प्युटर कधी आलाच नाही, थेट मोबाइल आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोयता घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ते पट्टा पडल्यावरच परततात. मधले पाच-सहा महिने गावाशी धागा असतो तो फोनचाच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीही मोबाइलवर आली. शेतात कोणतं पीक उभं आहे, त्याची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच फोटोसकट करायची. म्हणजे स्क्रीनवर नीट न दिसणारं बटण ही फक्त डिझाइनची चूक राहिली नाही, ती सातबाऱ्यापर्यंत पोचते.

तुमचा लेख सातबाऱ्याइतका महत्त्वाचा नसेलही. पण ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिताय, त्यांनाच तो वाचता येऊ नये, हे काही बरं नाही.

बिघडतं कुठे?

समजा, तुम्ही बालाघाटातल्या सीताफळांवर लिहिलंय. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यामुळे विषयही झकास. आता हे पान फोनवर उघडू या.

पहिली भानगड रुंदीची. तुमच्या पानानं काहीच सांगितलं नाही, तर फोनचा ब्राउझर समजतो की पान कॉम्प्युटरसाठी आहे. ते साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून तो सगळं आक्रसून दाखवतो. बऱ्याच फोनच्या स्क्रीनची रुंदी ब्राउझरच्या हिशेबात ३६० ते ४१२ पिक्सेल असते. म्हणजे १६ पिक्सेलचं अक्षर जेमतेम ६ पिक्सेलचं दिसतं. मुंगीच! यावरचा उपाय म्हणजे ‘व्ह्यूपोर्ट’ नावाची एक ओळ. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हापासूनची ही युक्ती. ही ओळ ब्राउझरला सांगते, ‘बाबा रे, फोनची जी रुंदी आहे, तीच धर.’ पुढे मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट या डिझायनरनं एकच पान प्रत्येक स्क्रीनप्रमाणे स्वतःला जुळवून घेईल, ही कल्पना मांडली आणि तिला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिलं. आजकालच्या तयार थीम्समध्ये हे सगळं बहुतेक वेळा असतंच. फक्त थीम निवडताना तिचा डेमो फोनवर बघा, लॅपटॉपवर नको.

दुसरी भानगड आपल्या देवनागरीची. आठवतंय, २०१० च्या आसपास कित्येक फोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे? मग कोणीतरी जाणकार मित्र ऑपेरा मिनीत एक सेटिंग बदलून द्यायचा आणि अक्षरं चित्ररूपात उमटायची. ते दिवस गेले. आता अँड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी नोटो फॉन्ट आधीच असतो. पण डीटीपीवाल्याकडचा जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवलात, तर आजही गिचमिड दिसेल. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

शिवाय आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये ओळी जवळ असतात, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवा आणि अक्षर १७-१८ पिक्सेलच्या खाली आणू नका. स्टायलिश दिसावं म्हणून अक्षरांमध्ये फट वाढवण्याची फॅशन आहे. देवनागरीत त्यानं शिरोरेषाच तुटते. आणि दोन्ही कडा सरळ करायचा मोह टाळा. अरुंद स्क्रीनवर मराठीचे लांब शब्द मावत नाहीत आणि ओळीत भोकं पडतात.

तिसरी भानगड फोटोंची. फोनवरून काढलेला फोटो सहज ४ एमबीचा असतो. सीताफळांचे असे ६ फोटो टाकलेत की झाले २४ एमबी. घाटात नेट १ एमबीपीएसवर रेंगाळत असेल, तर पान पूर्ण यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागेल. एवढा वेळ कोण थांबतं? तेच फोटो १२०० पिक्सेल रुंद करून प्रत्येकी २०० केबीपर्यंत आणलेत, तर सगळे मिळून १.२ एमबी, म्हणजे दहाएक सेकंदांचं काम. फोनवर दिसण्यात फरक? जवळपास शून्य.

चौथी भानगड आपण हौसेनं करतो. माहितीचं छान पोस्टर बनवून टाकतो, नाहीतर ए-फोर साइजची पीडीएफ. पण चित्रातली अक्षरं स्क्रीनप्रमाणे ओळ बदलत नाहीत, वाचणाऱ्यानं सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं तरी ती वाढत नाहीत, आणि साध्या सर्चमध्ये सहसा सापडतही नाहीत. मजकूर हा मजकूरच ठेवा. बोटांनी झूम करायची सोय तर अजिबात बंद करू नका, चाळिशी लागलेल्यांचा तो मोठा आधार असतो.

आणि हो, रंग! पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं एसी ऑफिसात एकदम क्लासी वाटतात. एप्रिलच्या उन्हात बांधावर उभ्या माणसाला मात्र कोरी पाटी दिसते.

तपासायचं कसं?

क्रोममध्ये एफ १२ दाबलं की मोबाइलचं रूप बघता येतं. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स पान कुठे अडतंय तेही सांगतं, फुकटात. गूगलनं २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरच्या सर्चमध्ये फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली. म्हणजे ही मेहनत अनोळखी वाचक आणायलाही उपयोगी पडते.

पण खरी परीक्षा घरच्यांकडे. घरातला सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त फोन कोणाकडे आहे? त्यांना लिंक पाठवा. ‘आवडलं का?’ असं मात्र विचारू नका. प्रेमापोटी ते ‘लय भारी’च म्हणणार! त्याऐवजी विचारा, ‘काका, तिसऱ्या परिच्छेदात मी काय लिहिलंय?’

उत्तर आलं, तर तुमचं पान गावापर्यंत पोचलं.