पाटा वाढतो, क्षमता वाढत नाही

पहाटे वाशीच्या घाऊक बाजारात शिरणाऱ्या पिकअप गाड्यांच्या रांगेकडे बारकाईने पाहिले, तर एक विसंगती नजरेत भरते. काही गाड्यांत क्रेटचे थर केबिनच्याही वर गेलेले असतात. तरीही गाडीचा मागचा भाग खाली बसलेला दिसत नाही. हा चमत्कार नव्हे. मागच्या चाकांवरील कमान पाट्यांत एक-दोन जादा पाटे घातल्याचा तो परिणाम असतो. महामार्गालगतच्या टपऱ्यांवर हे काम अर्ध्या दिवसात उरकते. शहराची भाजी ज्या गाड्यांवर येते, त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र या अर्ध्या दिवसाच्या कामाशी थेट जोडलेला आहे.

गाडीची क्षमता कोणी ठरवायची, हा या प्रश्नाचा गाभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक वजन घेऊन वाहन चालवता येत नाही. वाहनचालकांच्या भाषेत यालाच 'पासिंग' म्हणतात. हा आकडा केवळ पाट्यांवर ठरत नाही. मागचा आस, टायर, ब्रेक, चाकांची बेअरिंग आणि चॅसी या सर्वांचा एकत्रित विचार करून उत्पादक तो निश्चित करतो आणि त्यानुसार वाहनाला मान्यता मिळते. या साखळीतील एकच कडी जाड केल्याने साखळीची ताकद वाढत नाही.

एक साधा हिशेब पाहू. १.३ टन माल नेण्याची मान्यता असलेल्या गाडीत टोमॅटोचे ८५ क्रेट भरले आणि क्रेटसह प्रत्येकाचे वजन २२ किलो धरले, तर एकूण भार १,८७० किलो होतो. म्हणजे ५७० किलो जादा. मूळ पाट्यांवर हा भार टाकला तर गाडी मागून बसते, खड्ड्यात आपटते आणि चालकाला आपोआप इशारा मिळतो. जादा पाटा भार कमी करत नाही, तो फक्त हा इशारा बंद करतो.

पाट्याचे गणितही फसवे आहे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत तसाच सहावा पूर्ण लांबीचा पाटा घातला, तर कडकपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या पटीत होतो. आठ मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटरचा पाटा घेतला, तर त्या एका पाट्याचा कडकपणा जवळपास दुप्पट होतो. 'थोडा जाड टाका' ही सहज केलेली सूचना त्यामुळे किरकोळ राहत नाही.

कडक पाट्यांची किंमत परतीच्या प्रवासात मोजावी लागते. माल उतरवून रिकामी निघालेली गाडी प्रत्येक उंचवट्यावर मागून उसळते. टायरची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते. नारायणगाव-ओतूर परिसरातील माल माळशेज घाट उतरून आल्यावर पावसाळ्यात त्याच ओल्या वळणांवरून रिकामी गाडी परत चढते, तेव्हा तो क्षण निर्णायक ठरू शकतो. भार अर्धवट असेल तर हादरे थेट मालाला बसतात आणि खालच्या थरातील टोमॅटो दबतो. ज्या मालासाठी पाटा वाढवला, त्याचेच नुकसान होते.

याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा, हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. चॅसी आणि आस यांच्यातील अंतरावरून तो भार ओळखतो. गाडी भाराने खाली आली की मागच्या ब्रेकचा दाब वाढतो. पाटे कडक केल्यावर भरलेली गाडीही पुरेशी खाली येत नाही. व्हॉल्व्हला ती हलकी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. परिणामी घाट उतरताना पुढच्या ब्रेकवर ताण येऊन ते तापतात. पाटे बदलताना या व्हॉल्व्हच्या दांडीकडे लक्ष दिले गेले नाही, तर सर्वाधिक भार असतानाच ब्रेक सर्वांत दुबळा ठरतो.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. पूर्वी काही राज्यांत ठोक शुल्क भरून जादा वजन नेण्याची मुभा मिळत असे. नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीला लगाम घातला आणि जादा माल उतरवलाच पाहिजे, असे बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद केली. कायद्याला मान्य नसलेला बदल वाहनात करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तरीही टपऱ्यांवरील गर्दी ओसरत नाही, याचे कारण अर्थकारणात आहे. गाडीचा हप्ता, डिझेल आणि टोल यांचा खर्च खेपेमागे ठरलेला असतो. उत्पन्न मात्र क्रेटच्या संख्येवर मोजले जाते. 'दहा क्रेट जास्त टाक, नाहीतर दुसरी गाडी बघतो' असे सुनावणारा व्यापारी वजनकाट्यावर कधीच उभा राहत नाही. वस्तुतः जादा वजनाची गाडी चालवणाऱ्याइतकाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही कायद्याने दोषी आहे. ही तरतूद माल भरण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचली, तर जादा पाट्याची मागणी आपोआप घटेल.

मग वाहनमालकाने काय करावे? पाटे थकले असतील, वाकण गेले असेल किंवा एखादा तुटला असेल, तर त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने ठरवलेले पाटे दोन्ही बाजूंना एकदमच बदलावेत. सोबत बुश, शॅकल, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट तपासावेत. यू-बोल्ट नवे घालून काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा आवळून घ्यावेत. भार नेहमीच जास्त असेल, तर पाट्यात नव्हे, गाडीत बदल करावा. आज १.३ टनापासून दोन टनांपर्यंत अधिकृत क्षमतेच्या पिकअप बाजारात आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने मोठ्या क्षमतेची नवी गाडी घेणे पूर्वीइतके महाग राहिलेले नाही.

परिवहन विभागानेही योग्यता प्रमाणपत्र देताना पाट्यांची संख्या आणि जाडी मूळ नोंदींशी ताडून पाहायला हवी. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनांची दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी तपासणी होते. पाटे मोजायला त्या वेळी महागडी यंत्रे लागत नाहीत, वाकून पाहण्याची तयारी लागते. ती तयारी दिसत नाही तोवर ओझे वाढत राहील आणि ते पेलणारा ब्रेक मात्र मूळ क्षमतेचाच राहील.