उजवा खांदा आणि सुई

चाळीस वर्षें फळ्यावर हात उंचावून लिहिल्याचें फळ म्हणा, गेल्या श्रावणापासून आमचा उजवा खांदा पुढील बाजूस ठणकूं लागला. संध्येची पळी उचलणेंहि जड झालें. येथील नागपुरांतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनीं समजाविलें कीं, दंडाच्या द्विशिर स्नायूची लांब कंडरा बाहूच्या हाडावरील खांचेंतून वर जाऊन खांद्याच्या फऱ्यास चिकटते. ती सुजली होती. त्यांनीं ध्वनिलहरींच्या चित्रावर पाहात कंडरेभोंवतालच्या आवरणांत स्टेरॉइडची सुई दिली. खुद्द कंडरेंत औषध गेल्यास ती दुबळी होऊन तुटण्याचें भय असतें.

या औषधाच्या कुळांतील कॉर्टिझोन १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें संधिवाताच्या रोग्यास प्रथम दिलें गेलें. हेंच व केंडल यांस १९५० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. (आपलें मेयो रुग्णालय निराळें, तें व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या नांवाचें होतें.)

चौथ्या दिवशीं कळ थांबली. मात्र आम्हांस मधुमेह असल्यानें कांहीं दिवस साखर चढली. दोन महिन्यांनीं दुखणें परतलें, तेव्हां दुसरी सुई मागावयास आम्ही मोठ्या हक्कानें गेलों. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, सुई सूज उतरविते, झिजलेली कंडरा सांधीत नाहीं. वरचेवर घेतली तर अपायच. मधल्या काळांत सांगितलेला व्यायाम किती दिवस केलात?"

उभा जन्म इतरांस गृहपाठ विचारणारे आम्ही, वाचकहो, निरुत्तर झालों. हल्लीं रोज सकाळीं आम्ही भिंतीवरून बोटें चढवितों आणि सूनबाई समोर घड्याळ घेऊन बसतात.