दोन मिलिमीटरनं काय होतंय?

आपल्या समाजात दोनच पक्ष आहेत. निवडणुकीला उभे राहणारे नव्हेत. ते किती आहेत हे मोजायची जबाबदारी सुदैवानं आमच्या बँकेकडे नाही. मी म्हणतो ते पक्ष म्हणजे ‘जुळलं पाहिजे’ पक्ष आणि ‘चालतंय की’ पक्ष. पहिल्याची अनामत रक्कम दर वेळी जप्त होते. दुसरा कायमचा सत्तेवर असतो. मी स्वतः बँकेत पहिल्या पक्षात आणि बँक सुटल्यावर दुसऱ्या पक्षात असे. हे पक्षांतर रोज संध्याकाळी, कॅश जुळल्यावर, पिशवी उचलता उचलता होई. त्या दुसऱ्या पक्षाचा राजीनामा मी या लेखाद्वारे जाहीरपणे देत आहे.

राजीनाम्याचं कारण एक इंजिन आहे. अगदी खरं सांगायचं तर इंजिनही नव्हे. इंजिन ज्यांच्या आधारावर बसतं ते चार लोखंडी कान.

आमच्या धाकट्या भावाचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं अधू झाला. कोल्हापूरजवळ आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. ती तो करतो. मी फक्त सातबाऱ्यावर असतो. उसाच्या कडेकडेनं कुबडी टेकत विहिरीपर्यंत जायचं, मोटर चालू करायची आणि परत यायचं, हा त्याचा रोजचा कार्यक्रम. पावसाळ्यात कुबडी चिखलात रुतते आणि माणूस तिथंच उभा राहतो. तेव्हा त्यानं ठरवलं, आपल्यापुरती तीन चाकांची गाडी आपणच बांधायची. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर मंजुरी हवी, नोंदणी हवी. म्हणून ही गाडी बांधाच्या आतच फिरणार, हेही ठरलं.

पुढचं चाक, हँडल आणि इंजिन जुन्या ३५० सीसी बुलेटचं. मागं दोन चाकं आणि त्यांचा आडवा दांडा. मधे पाइप जोडून केलेला सांगाडा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. “दादा, गिअर माझ्याच बाजूला आलाय. ब्रेक तेवढा हातावर घेतला की झालं,” असं तो म्हणाला, तेव्हा त्या कंपनीनं हे इंजिन खास त्याच्यासाठीच काढलं असावं असं मला वाटून गेलं.

गल्लीत अर्थातच हसं झालं. “असली तीन चाकं कुठं असतात होय? विकत घ्या की एखादी!” मी बी. कॉम. असलो तरी वाचतो. १८८६ साली कार्ल बेंझनं ज्या मोटारीचं पेटंट घेतलं ती तीन चाकांचीच होती. १८८८ साली त्याची बायको बर्था ती गाडी घेऊन, नवऱ्याला न विचारता, दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. वाटेत पेट्रोलची नळी चोंदली, ती बाईंनी टोपीच्या पिनेनं साफ केली. इतकं लांब कशाला, सौराष्ट्रातला छकडा पाहा. पुढून बुलेट आणि मागून बैलगाडी असं ते वाहन अख्खं गाव पाठीवर घेऊन धावत आलं आहे. तेव्हा तीन चाकांची लाज बाळगायचं कारण नाही. लाज बाळगायची ती पुढच्या हकिगतीची.

कोल्हापुरात उद्यमनगर आहे आणि उद्यमनगरात आमचे मिस्त्री आहेत. इंजिन बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. आमची समजूत अशी की इंजिन ठेवायचं, चार पट्ट्या लावायच्या, वेल्डिंग मारायचं, चहा प्यायचा. मिस्त्रींनी चहा आधी प्यायला आणि चार दिवस मागितले.

पहिल्या दिवशी त्यांनी इंजिन लाकडी ठोकळ्यांवर नुसतं ठेवलं. पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या दांड्यावरच्या स्प्रॉकेटपर्यंत दोरी ताणली आणि एक डोळा मिटून तासभर बसून राहिले. खाली पाचर सरकव, पुन्हा बघ. दुसरी सरकव, पुन्हा बघ. मग पुठ्ठ्याचे कान कापले. पुठ्ठ्याचे! मी रजा टाकून गेलो होतो आणि तिथं पहिलीच्या वर्गातलं हस्तव्यवसाय चालू होतं.

“मिस्त्री, दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर काय होतंय?”

“सायेब, इंजान नुस्तं बसत न्हाई. त्ये थरथरतंय, आन् चेन त्येला सारखी मागं वडतीया. त्या दोन मिलिमीटरवर त्ये दिसभर घाव घालतंय.”

मला पटलं नाही. माझी रजा संपत आली होती. रविवारी मी सांगाडा टेम्पोत घालून शेतावर आणला आणि गावातल्या एका वेल्डरला बोलावलं. आमच्याच पक्षाचा निघाला. कान मी हातात धरले, डोळे बंद केले (हे वेल्डिंगच्या उजेडासाठी आवश्यक असतं आणि जबाबदारी टाळायलाही सोयीचं असतं), त्यानं मारलं. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि कानाला आपल्याकडे ओढून घेतं, हे आम्हां दोघांना ठाऊक नव्हतं. इंजिन बसवायला गेलो तर भोकाला भोक येईना. मग पहार घातली, कान वाकवला, बोल्ट हातोडीनं आत सारला. “चालतंय की!” आम्ही एकदम म्हणालो.

गाडी चालू झाली. भाऊ बसला. त्याची कुबडी मी धरली. शेताकडेच्या माळावर त्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली. त्याला इतकं जोरात हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. तिसऱ्या फेरीला उतारावर ‘कट’ असा आवाज आला. जबरदस्तीनं वाकवलेला कान वेल्डिंगच्या कडेला तडकला, इंजिन तिरकं झालं, चेन उतरून दांड्यात अडकली आणि मागची दोन्ही चाकं जागीच जाम झाली. गाडी उलटली नाही, हे नशीब. भाऊ माळाच्या मधोमध बसून होता आणि त्याची कुबडी दोनशे फुटांवर माझ्या हातात होती. ते दोनशे फूट मी पळत गेलो. इतकं लांब अंतर मी आयुष्यात पळालेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून मिस्त्रींकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “तुमच्या ब्यांकंत धा रुपय कमी भरलं तर काय करता?”

“शोधतो.”

“न्हाई घावलं तर?”

“खिशातनं भरतो.”

“हितं कोन भरनार?” आणि ते भावाच्या पायाकडे बघत राहिले.

मग ते काम मी चार दिवस बसून पाहिलं. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे कान, पुठ्ठ्याच्या मापानं कापलेले. भोकं ड्रिलवर. कान आधी इंजिनालाच बोल्टनं घट्ट आवळलेले, मग सांगाड्याला नुसते टाके. एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे ओढ सारखी पडते. पुन्हा दोरी, पुन्हा एक डोळा. मग इंजिन उतरवून पक्कं वेल्डिंग, तेही थांबत थांबत. कानाखाली तिकोनी आधारपट्टी, पाइपमधून जाणाऱ्या बोल्टला आत नळीचा बुश, म्हणजे आवळताना पाइप चेपत नाही. सिलिंडरच्या डोक्यालाही एक आधार. शेवटी इंजिन बसवलं तेव्हा बोल्ट बोटांनी आत गेले. हातोडी भिंतीलाच टांगलेली होती.

आता ‘चालतंय की’ पक्षाच्या विद्वानांचं म्हणणं मला पाठ आहे. “त्यापेक्षा जाड पत्रा मारायचा होता.” जाड पत्रा वाकडा बसला तर जाड वाकडा बसतो. “रबर घालायचं होतं.” नुसत्या मऊ रबरावर इंजिन डुललं की चेनची रेघ डुलते, पुढचं तुम्हांला माहीत आहे. “एवढ्या बारीक गोष्टीला चार दिवस?” साहेब, आपण इंजिनाची ताकद विचारतो, किंमत विचारतो, ॲव्हरेज तर हमखास विचारतो, ते बसलंय कशावर, हे कुणी विचारत नाही. खात्यात दहा रुपयांचा फरक आला तर मॅनेजरच्या नावानं अर्ज करणारे आपण, लोखंडातला फरक मात्र पहारीनं मिटवतो. पांढरपेशा माणसाची काटेकोरी कागदापुरतीच असते. आणि जो हातानं काटेकोर काम करतो, त्याला आपण ‘वेळकाढू’ म्हणतो, वर घासाघीस करतो. मीही केली होती. शंभर रुपये कमी करून घेतले होते. ते मी परत नेऊन दिले. मिस्त्रींनी मोजून घेतले.

गाडी अजून फिरते आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शेतावर गेलो की भाऊ चहाच्या आधी पाना माझ्या हातात देतो आणि म्हणतो, “दादा, बोल्ट.” मी चारही आवळून बघतो. सगळे घट्ट असतात. तरी बघतो.