एका रकान्यात दोन चलने
एकाच रकान्यात दोन चलनांच्या रकमा असतील, तर एक्सेलमधील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ प्रत्येक रकमेला तिच्या चलनाचे चिन्ह आपोआप लावते. उदाहरणार्थ, अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या विप्रोचे शेअर गावातल्या अनेक घरांत आहेत. हा शेअर मुंबईत रुपयांत, तर २००० पासून न्यूयॉर्कमध्ये डिपॉझिटरी रिसीटच्या रूपाने डॉलरमध्ये विकला जातो. अशा दोन चलनांतल्या नोंदींसाठी एका रकान्यात चलनाचे नाव आणि शेजारी नुसता आकडा लिहावा. मग आकड्यांचा रकाना निवडून सूत्रावर आधारित नियम करावेत: शेजारी ‘डॉलर’ असेल तर $, ‘रुपया’ असेल तर ₹. सूत्रात रकान्याचे अक्षर स्थिर ठेवून ओळीचा क्रमांक मोकळा सोडला, की नियम प्रत्येक ओळीला लागू होतो. गूगल शीट्समध्ये अशा नियमाने चिन्ह बदलत नाही. तिथे चलनानुसार रंग द्यावा. दोन्हीकडे बदलते ते फक्त दिसणे, मूळ आकडा तोच राहतो. म्हणून बेरजेआधी विनिमय दराचा वेगळा रकाना घेऊन सर्व रकमा एका चलनात आणाव्या लागतात.