घड्याळ आणि पारख

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू लांबट, आणि तो पायापेक्षा हातांनीच अधिक खेळला जातो. तेथील ३२ व्यावसायिक संघ दरवर्षी सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात, ते मुख्यतः महाविद्यालयांतून. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. वरच्या फेरीत निवडलेल्याला पैसाही अधिक आणि संधीही अधिक. तेव्हा परीक्षकाची पारख चुकली, तर किंमत मोजावी लागते ती एखाद्या तरुणाला.

या खेळात ‘कॉर्नरबॅक’ची पारख मला फार अवघड वाटते. प्रतिपक्षाचा ‘रिसीव्हर’ पास झेलायला धावतो. त्याला अडवणे हे याचे काम. आपण कोठे वळणार हे रिसीव्हरला ठाऊक असते, कॉर्नरबॅकला नसते. तो बहुधा उलट्या पावली धावू लागतो आणि समोरच्याच्या कमरेची हालचाल पाहून क्षणार्धात वळतो. आता गंमत पाहा! निवडीपूर्वी इंडियानापोलिसला जी चाचणी होते, तीत साऱ्यांचे लक्ष ४० यार्डांच्या सरळ धावेकडे. समोर रिसीव्हर नाही, हवेत चेंडू नाही. आहे ते फक्त घड्याळ.

स्टॅनफर्डच्या रिचर्ड शर्मनला या धावेस साडेचार सेकंदांहून अधिक वेळ लागला. शिवाय तो मूळचा रिसीव्हर. २०११ साली पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर, सिॲटलने त्याला घेतले. २०१३ च्या हंगामात त्याने प्रतिपक्षाचे आठ पास मधल्यामध्ये झेलले. इतके त्या वर्षी दुसऱ्या कोणीही झेलले नाहीत. माल्कम बटलरला तर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते. १ फेब्रुवारी २०१५ रोजी अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटात, गोलरेषेवर पास झेलून न्यू इंग्लंडचा विजय राखणारा तोच. आणि तोही शर्मनच्याच सिॲटलविरुद्ध!

कोणी म्हणेल, मग झेल मोजावेत. तेही पुरेसे नाही. २०१० च्या हंगामात न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेव्हिसच्या नावावर असा एकही झेल नव्हता. तरीही त्याची गणना सर्वोत्तमांत झाली. कारण त्याच्या बाजूला चेंडू फेकायलाच प्रतिपक्ष कचरत असे. जे घडूच दिले नाही, त्याची नोंद तक्त्यात कशी व्हावी?

वेग निरर्थक आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. मंद पायांचा गडी या जागेवर टिकणार नाही. घड्याळाने अपात्रांना खुशाल वगळावे. परंतु पात्रांची क्रमवारी सामन्यांच्या चित्रफिती पुनःपुन्हा पाहूनच लावावी. चेंडू हवेत असताना हा वेळेवर मान वळवतो का? एकदा फसल्यावर पुढच्या खेळीत कसा उभा राहतो? मित्रहो, टक्केवारीवर माणसे तोलण्याची सवय आपल्यालाही आहेच. म्हणूनच शर्मनचा तो १५४ वा क्रमांक आपण ध्यानात ठेवावा, असे मला वाटते.