मोरीचे पाणी कोठे जाते?

चंदगडच्या बाजूला पाऊस चार महिने ठाण मांडून बसतो. आश्विनात उघडीप पडली, की घराघरांतून साफसफाईची एकच धांदल उडते. भिंतींवर चढलेली बुरशी, अंगणातील फरशीवर धरलेले शेवाळ, कोंदट वासाची अंथरुणे, काळवंडलेले हंडे आणि कळशा, या साऱ्यांचा समाचार दिवाळीपूर्वी घ्यावयाचा असतो. पूर्वी या कामासाठी गृहिणी राख, चिंच, आमसूल, रिठे आणि चुना जवळ करीत असे. आज तिच्या मोरीच्या कट्ट्यावर पाच-सहा रंगीत बाटल्या ओळीने उभ्या दिसतात. एक फरशीची, एक भांड्यांची, एक काचेची, एक संडासाची, आणि शेवटची या सर्वांचा उग्र दर्प झाकणारी! काळाप्रमाणे साधने बदलतात, त्यात वावगे काही नाही. परंतु या बाटल्यांमुळे आपले घर खरोखरच अधिक स्वच्छ झाले आहे काय, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

मुलांनो, एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. मळ कधी नाहीसा होत नसतो. तो केवळ आपली जागा बदलतो. भांड्यावरचा मळ पाण्यात जातो आणि पाणी मोरीतून घराबाहेर पडते. आपली नजर तेथेच थांबते, पाणी मात्र थांबत नाही. आमच्या तालुक्याच्या भूगोलाची मौज अशी, की सह्याद्रीच्या माथ्यावर असल्यामुळे त्याचे पाणी दोन्ही दिशांना उतरते. ताम्रपर्णी पूर्वेकडे वाहत जाऊन घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तिलारी मात्र पश्चिमेकडे घाट उतरून गोव्यात शापोरा या नावाने अरबी समुद्रास जाऊन मिळते. एकाच तालुक्यातील दोन मोऱ्यांचे पाणी असे दोन निरनिराळ्या समुद्रांच्या वाटेला लागते, आणि त्या वाटेवर माणसे, गुरे, मासे व पिके असतात. आपण उगमाकडील माणसे. आपल्याला वरच्यांची घाण सोसावी लागत नाही. म्हणूनच खालच्यांचा विचार आपल्या मनात सहसा येत नसावा.

जुन्या घरांतून मोरीचे पाणी परसातील केळींना आणि अळवाला जात असे. त्या पाण्यात राख असे, आणि राखेतील पोटॅश हे तर झाडांचे खाद्यच होय. आता अनेक ठिकाणी ते पाणी गटारात जाते, गटार ओढ्यात आणि ओढा नदीत. तेथे साबणचुऱ्याचे काय होते, हे युरोपने एकदा पाहिले आहे. १९५० नंतरच्या दशकात तेथील नव्या डिटर्जंटचे रेणू असे होते, की पाण्यातील जीवाणूंना ते सहजासहजी पचेनात. नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. अखेर १९६१ साली पश्चिम जर्मनीला त्यासाठी कायदा करावा लागला आणि कारखान्यांना रसायन बदलणे भाग पडले. पण प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. बेंगळुरूच्या बेळंदूर तलावातील सांडपाण्याचा फेस २०१५ साली वाऱ्याबरोबर उडून रस्त्यावर आल्याचे साऱ्या देशाने पाहिले.

याउलट, आपल्या जुन्या साधनांकडे पाहा. राख पाण्यात कालवली, की ते पाणी अल्कधर्मी होते; तेलकटपणावर त्याची क्रिया होऊन थोडाफार साबणच तयार होतो, आणि बारीक कण घासण्याचे काम करतात. तांब्या-पितळेवर हवेने चढलेले काळे पुट चिंचेतील अथवा आमसुलातील आम्लात विरघळते, म्हणून एका हाताच्या घासणीसरशी तांब्या लखलखू लागतो. रिठ्यात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याला फेस येतो, पण साध्या साबणासारखा तो रेशमाचा घात करीत नाही. भिंतीला दिलेला चुना केवळ उजेडासाठी नव्हे, तर बुरशीलाही तो मानवत नाही. कपाटात वेखंडाचा तुकडा आणि कडुलिंबाचा वाळला पाला ठेवण्याची पद्धत तर डांबराच्या गोळ्यांहून पुष्कळ बरी. नॅफ्थॅलिनची ती गोळी खडीसाखर समजून एखाद्या बालकाने गिळली, तर त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. आणि कडक ऊन? अंथरुणाला त्यासारखा दुसरा धोबी नाही.

तथापि, जे जे जुने ते ते निर्दोष, असे मी मुळीच म्हणणार नाही. शेणाचे सारवण धूळ बसविते हे खरे. पण शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तेव्हा उघड्या जखमेला त्याचा स्पर्श होऊ देणे धोक्याचे. राखेने ॲल्युमिनिअमची भांडी खराब होतात. रसायन म्हटले की विष, ही समजूतही तितकीच भोळी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तेथील एका प्रसूतिविभागात शंभरांतील सुमारे अठरा माता दगावत होत्या. काही महिन्यांतच ते प्रमाण दोनच्या आसपास आले. आमच्या गावच्या विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर याच कुळातील. साथ असेल, घरात आजारी माणूस असेल, तर ती वापरलीच पाहिजे. रोजची फरशी पुसण्यासाठी मात्र तिची गरज नाही. साधे पाणी आणि स्वच्छ फडके पुरते.

माझा खरा राग आहे तो या द्रव्यांच्या बेफिकीर वापरावर. एका शाळेत संडास अधिक स्वच्छ व्हावा म्हणून शिपायाने ब्लीचिंग पावडरीवर ॲसिड ओतले. क्षणात पिवळसर वायू उठला, आणि त्या बिचाऱ्याला श्वास घेता येईना. मोकळ्या हवेत आणले म्हणून तो वाचला. तो वायू क्लोरीन होता. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला, तोच हा वायू! ॲसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणारी घरेही मी पाहिली आहेत. तहानलेल्या मुलाला त्या बाटलीतील फरक कसा कळावा? शिवाय खेड्यापाड्यांतून आता झालेल्या शोषखड्ड्यांच्या संडासांत मैला कुजविण्याचे काम जीवाणू करतात. त्यांच्यावर रोज ॲसिड आणि फिनेल ओतणे म्हणजे फुकट राबणाऱ्या गड्यांना हाकलून देणेच होय.

अलीकडे घरगुती उपायांचेही एक वेड निघाले आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले, की फसफसून सारा मळ निघतो, असे मोठ्या हौसेने सांगितले जाते. वस्तुतः अल्क आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि मागे खारट पाणी उरते. सोडा चिकटपणासाठी, आम्ल क्षारांच्या डागांसाठी. दोघांना निरनिराळे राबवावे.

या जुन्या रीतीवर एक आक्षेप मात्र मला न्याय्य वाटतो. तिला वेळ लागतो, अंगमेहनत लागते, आणि ती मेहनत पिढ्यानपिढ्या बायकांनीच केली आहे. राखेने आणि गार पाण्याने भेगाळलेले हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी सुनेच्या हातातील बाटलीला नावे ठेवण्यापूर्वी थोडा विचार करावा. माझ्या ओळखीच्या एका घरात यावर साधी तोड निघाली आहे. जेवण होताच ज्याने त्याने आपल्या ताटातील खरकटे व तेल केळीच्या सोपटाने पुसून टाकावयाचे, त्यामुळे साबण निम्मा लागतो आणि घासणेही कमी होते. दिवाळीपूर्वीच्या रविवारी समया, तांब्ये आणि बंब चिंचेने घासावयास वडील आणि दोन्ही मुलगे बसतात. त्यांची आई त्या वेळी पडवीत पान लावीत बसलेली असते आणि समईच्या खोबणीत राहिलेला काळा डाग तेवढा बोटाने दाखविते.