जमिनीचें दप्तर खातेदारानें स्वतः वाचावें

आपल्या मासिकांत खतें, बियाणें, केळीवरील रोग व भातावरील कीड यांविषयीं उपयुक्त मजकूर येत असतो, व तो यावा हें योग्यच आहे. परंतु ज्या जमिनींत हें सर्व पिकवावयाचें, ती दप्तरीं कोणाच्या नांवें आहे, किती आहे व कशामुळें आहे, या विषयाकडे वसई तालुक्यांतील बागायतदारांचें जितकें दुर्लक्ष होतें तितकें दुसऱ्या कोणत्याहि विषयाकडे होत नसेल. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसुली कारकुनींत गेली. पानवेलीच्या कोणत्या वाफ्यास पाणी कमी पडलें हें दुरून ओळखणारे गृहस्थ कचेरींत येऊन, "भाऊसाहेब, यांत माझें नांव आहे ना, तेवढें पाहा," असें म्हणतांना मीं शेंकडों वेळां ऐकले आहेत. नांव आहे म्हटलें कीं त्यांचें समाधान होई व उतारा पिशवींत जाई. त्या नांवाशेजारीं जे आंकडे असतात ते पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेई, आणि सगळी गोम त्या आंकड्यांतच असते.

हें दप्तर मुळांत रयतेच्या सोयीसाठीं जन्मलेलें नाहीं, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल बसून वीसच वर्षें झालीं होतीं, इतक्यांत १५५४ सालीं सिमांव बोतेल्यु नामक त्यांच्या अधिकाऱ्यानें या मुलुखाचें उत्पन्न टिपून ठेवलें. १७३९ नंतर मराठ्यांनीं, व पुढें इंग्रजांनीं, आपापल्या रीतीनें तेंच केलें. प्रत्येक सरकारास जाणून घ्यावयाचें होतें तें एवढेंच कीं, सारा कोणाकडून घ्यावयाचा. जमिनीवर कोणाचा काय हक्क आहे हें लिहून ठेवण्याचा स्वतंत्र कायदा मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं झाला, आणि १९१३ सालीं तो जमीन महसुलाच्या कायद्यांत समाविष्ट करण्यांत आला. आज चालू असलेला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याच्या कलम १५७ प्रमाणें हक्कनोंदींतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावयाची असते. मधले तीन शब्द फार मोलाचे आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियांत १८५८ सालीं टॉरेन्स नांवाच्या गृहस्थांच्या खटपटीनें असा कायदा झाला कीं, सरकारी नोंदवहींत ज्याचें नांव तोच मालक, व त्याची हमी सरकारची. आपल्याकडे अशी हमी कोणी घेतलेली नाहीं. फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं व नष्टहि होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ च्या एका निकालांत व त्यानंतरहि अनेकदां सांगितलें आहे. तेव्हां दप्तराची राखण ज्याची त्यानेंच करावयाची.

आतां कागदाकडे वळूं. सातबारा हा दोन गांव नमुन्यांचा जोड होय. नमुना ७ अधिकारांचा व नमुना १२ पिकांचा. एका खातेदाराचीं त्या गांवांतील सर्व शेतें ज्यांत एकत्र दिसतात तो नमुना ८-अ. आणि नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही. माझ्या मतें या सर्वांत तीच थोर. सातबाऱ्यावर नांवाजवळ जो आंकडा असतो तो या वहींतील नोंदीचा क्रमांक. हातानें लिहिलेल्या उताऱ्यांवर तो वर्तुळांत लिहीत, व कमी झालेल्या नांवास कंस करीत. २०२० सालीं आलेल्या नव्या नमुन्यांत कमी झालेल्या नोंदीवर आडवी रेघ येते. नांव कोणाचें एवढेंच सातबारा सांगतो. तें कसें लागलें, खरेदीनें, वारसानें, वाटणीनें, कीं नुसत्या एखाद्या अर्जावरून, तें फेरफारावांचून कळत नाहीं.

उदाहरण घेऊं. उताऱ्यावर आजोबांच्या नांवास कंस असून खालीं एकट्या थोरल्या काकांचें नांव आहे. तो फेरफार काढून पाहिला तर पुष्कळदां काकांच्या नांवापुढें 'ए. कु. मॅ.' हीं अक्षरें सांपडतात. म्हणजे काका एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागले, जमीन सर्वांची. पुढें जुनी वही भरून नवी लिहितांना, किंवा ती संगणकावर चढवितांना, तीं अक्षरें गळालीं, कीं उताऱ्यापुरते काका एकटे मालक झाले. काका सज्जन होते तोंवर कोणास कांहीं जाणवलें नाहीं. काकांच्या नातवानें जमीन विकावयास काढली तेव्हां सगळा भाऊबंद जागा झाला, व मग वकिलाच्या पायऱ्या झिजवूं लागला. अशीं प्रकरणें आपल्या तालुक्यांत एकादोन गांवांपुरतीं नाहींत.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां सर्व संगणकावर आलें, मग चिंता कसली? २०१७ सालीं राज्यभर उताऱ्यांचें चावडी वाचन करून चुका शोधण्याची मोहीम झाली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला, व पंधरा रुपयांत तो घरबसल्या निघतो. सोय मोठी झाली यांत संशय नाहीं. परंतु यंत्रानें जुन्या वहींतलें शुद्ध तेवढें उचललें व अशुद्ध मागें ठेवलें, असें झालेलें नाहीं. दुसरें असें कीं, जो उतारा आपणांस दिसतो तो जगासहि दिसतो. जमिनीचे दलाल आपले उतारे आपल्याहून अधिक लक्ष देऊन वाचतात. कोणत्या खात्यांत चुलत्यांचा वाद आहे, कोणत्या बहिणीचें नांव राहून गेलें आहे, कोण परदेशीं आहे, हें त्यांस तोंडपाठ असतें. अविभक्त हिस्सा एकाकडून स्वस्तांत घ्यावा, खरेदीखत नोंदवून नांव लावावें, आणि मग बाकीच्यांशीं बोलणीं करावींत, ही त्यांची नेहमींची चाल आहे.

वारसाच्या नोंदीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण सर्वांत अधिक घोळ येथेंच होतो. खरेदीखत नोंदलें म्हणजे दुय्यम निबंधकाकडून तलाठ्यास, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यास, सूचना जाते. मरणाची सूचना मात्र कोणी पाठवीत नाहीं. ती वारसांनींच तीन महिन्यांच्या आंत द्यावयाची असते. आपल्याकडे बाराव्यास वा महिन्याच्या मिसेस सारा गांव जेवतो, पण ही वर्दी द्यावयास तीस तीस वर्षें कोणी जात नाहीं. तोंवर दोन पिढ्या सरतात, वारस चाराचे चाळीस होतात, व दाखले गोळा करतां करतां नाकीं नऊ येतात. मुंबई–अहमदाबाद जलदगति रेल्वेसाठीं व बडोदें–मुंबई द्रुतगति मार्गासाठीं तालुक्यांतील जमिनी संपादनांत गेल्या, तेव्हां याचें प्रत्यंतर आलें. ज्यांचीं नांवें व हिस्से स्वच्छ होते त्यांचा मार्ग सोपा. जेथें वारसांत तंटा असेल तेथें २०१३ च्या कायद्याप्रमाणें मोबदल्याची रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते, आणि तंटा मिटेपर्यंत तेथेंच राहते. जमीन तर गेलेलीच असते.

बहिणींचीं नांवें वगळणें ही आपल्याकडील जुनी खोड. हिंदु कुटुंबांत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस वडिलोपार्जित जमिनींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, व बाप त्यापूर्वीं वारला असला तरीहि तो आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें. ख्रिस्ती बांधवांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू. मृत्युपत्र नसेल तर त्याप्रमाणें विधवेस एक तृतीयांश व उरलेलें सर्व मुलांमुलींत सारखें. म्हणजे तेथें मुलगा-मुलगी हा भेद शंभर वर्षांपूर्वींच नव्हता, तरी सातबाऱ्यावर तो दिसतोच. बहिणींनीं राजीखुशीनें हक्क सोडला तर त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तें हक्कसोडपत्र नोंदणीकृत असलें पाहिजे. वहींत कोणीतरी 'बहिणींस दिल्याघरीं सुखी असल्यानें हिस्सा नको' असें लिहून अंगठा घेतला, एवढ्यानें हक्क सुटत नाहीं. असा अंगठा आपल्या पक्क्या बाजूचा पुरावा समजून जे भाऊ निश्चिंत बसले आहेत, त्यांनीं तो फेरफार एकदां जाणत्या माणसास दाखवावा, आणि त्याहून बरें म्हणजे बहिणीस दाखवावा.

उताऱ्याच्या उजव्या बाजूस 'इतर अधिकार' हें सदर असतें. तें कोणीच वाचीत नाहीं. कुळकायद्याचे निर्बंध, विहिरीचे व वाटेचे हक्क, बँकेचा बोजा, सर्व तेथें असतें. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर ज्यांच्या वाडवडिलांनीं कुळ म्हणून जमीन विकत घेतली, त्यांनीं कलम ३२-म चें प्रमाणपत्र व त्याचा फेरफार जपून ठेवावा. कलम ४३ चा शेरा त्याच सदरांत सांपडतो. सोसायटीचें कर्ज फिटून दहा वर्षें झालीं तरी बोजा बसलेलाच आहे, असे उतारे तर आपल्या संघाच्या सभासदांतच निघतील. कर्ज फेडलें म्हणून बोजा आपणहून उतरत नाहीं. दाखला नेऊन तो उतरवावा लागतो. नव्या उताऱ्याच्या तळाशीं प्रलंबित फेरफार आहे कीं नाहीं हेंहि लिहिलेलें असतें. तेथें आपणांस ठाऊक नसलेला क्रमांक दिसला तर त्याच दिवशीं चौकशी करावी. नोटिशीनंतर हरकतीस पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केल्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलास साठ. हातचूक असेल तर कलम १५५ खालीं तहसीलदाराकडे दुरुस्ती मागतां येते. हक्काचा वाद मात्र त्या कलमांत बसत नाहीं, हें न समजल्यामुळें पुष्कळांचीं वर्षें फुकट जातात.

क्षेत्राचा आंकडाहि एकदां स्वतः मांडून पाहावा. आजोबांच्या कागदांत एकर-गुंठे आहेत, आजच्या उताऱ्यांत हेक्टर-आर. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन एकर दहा गुंठे, म्हणजे नव्वद गुंठे, असतील तर उताऱ्यावर ०.९१.०५ आलें पाहिजे. तेथें ०.८१ दिसलें तर एक हजार चौरस मीटर जमीन कागदांतून नाहींशी झाली असें समजावें. शिवाय सातबाऱ्यांत बांध दिसत नाहीं. बांधासाठीं गांवनकाशा, टिपण व फाळणी पाहावी लागते, आणि तीं भूमि अभिलेख कचेरींत असतात. कित्येक गांवीं जुना सर्व्हे नंबर एक व नवा दुसरा आहे. जुन्या कागदांवर जिल्हाहि ठाणेंच असणार, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं वेगळा झाला.

राहतां राहिली घरपट्टी. ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपरिषदा व भोवतालचीं गांवें मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हांपासून करांची पावती हाच मालकीचा दाखला असा एक समज पसरला आहे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या वहीस नमुना ८ म्हणत, व तलाठ्याच्या खातेउताऱ्यास ८-अ. या नांवांच्या सारखेपणानें गोंधळांत भरच पडली. आकारणी करणारास कर हवा असतो, मालकी ठरविण्याचा त्यास अधिकार नाहीं. महानगरपालिका अनधिकृत बांधकामासहि कर लावते, वर शास्तीहि घेते, आणि त्यानें तें बांधकाम नियमित होत नाहीं. आपल्या वाडीच्या कोपऱ्यांत कोणीं खोली बांधून तिची पावती आपल्या नांवें केली, तर त्यानें जमीन त्याची होत नाहीं हें खरें. पण बारा वर्षें तुम्ही डोळे मिटून बसलांत तर त्याच पावत्या तो आपल्या ताब्याच्या पुराव्यादाखल कोर्टांत मांडील. नालासोपारा पूर्वेस अगरवाल नगरींत सार्वजनिक कामांसाठीं राखून ठेवलेल्या जागेंत उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या अवधींत पाडल्या गेल्या. त्या जागेंत खाजगी जमीनहि होती. खोल्या घेणाऱ्या गरीब कुटुंबांची जी दैना झाली ती सर्वांनीं पाहिली. एवढ्या इमारती एका रात्रींत उठत नाहींत.

माझी संघाच्या चालकांस एक सूचना आहे. दर वर्षीं भाताची कापणी आटोपल्यावर गांवोगांव एक संध्याकाळ ठेवावी. प्रत्येक सभासदानें आपला सातबारा, ८-अ, व उताऱ्यावर ज्यांचे क्रमांक आहेत ते फेरफार घेऊन यावें. निवृत्त महसुली माणसें प्रत्येक गांवीं एखाददुसरीं आहेतच. तीं आनंदानें येतील, घरीं तरी त्यांस काय काम आहे! जुन्या फेरफारांपैकीं पुष्कळ मोडींत आहेत, त्यांसाठीं मोडी वाचणारा एक मनुष्य मानधन देऊन आणावा. बायकांस व लग्न होऊन गेलेल्या मुलींस आवर्जून बोलवावें. खर्च म्हणाल तर एका सभासदामागें नकलांचे शंभर-दीडशें रुपये व चहा. आरंभ ज्या गांवांतून मार्गांची आंखणी जात आहे तेथून करावा, कारण तेथें पुढील हंगामापर्यंत थांबणें परवडणार नाहीं.